फेब्रुवारीचे जादा शंभर रुपये

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातला एक नवा मुलगा मोबाइलवर पगाराची स्लिप उघडून माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पगारपत्रकं मी करतो, त्यामुळे असल्या चौकशा माझ्याकडेच येतात. दर महिन्याला पी.टी.चे, म्हणजे व्यवसाय कराचे, दोनशे कापले जात होते, फेब्रुवारीत तीनशे कसे, असा त्याचा प्रश्न. "सर, फेब्रुवारीत दिवस कमी आणि कापले जास्त?" मला हसू आलं. गेली कित्येक वर्षं देत आलोय तेच उत्तर मी दिलं. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांच्या वर घेता येत नाही, राज्यघटनेतच तशी मर्यादा आहे. बारा महिने दोनशे धरले तर चोवीसशे होतात. उरलेले शंभर शेवटच्या पगारात उरकून घ्यायचे, आणि मार्चआधीचा पगार म्हणजे फेब्रुवारी. हिशेब त्याला पटला. जाता जाता त्यानं विचारलं, "पण सर, हे पैसे जातात कुठे?" मी म्हटलं, "सरकारला." तो "ओके" म्हणून निघून गेला. मी पुढची फाइल उघडली, आणि तेवढ्या एका शब्दावर मन अडकून बसलं.

कारण हे पैसे रोजगार हमीसाठी म्हणून सुरू झाले हे मला ठाऊक होतं. माझ्या घरात ते पैसे येऊन गेलेले आहेत.

आमचं गाव आटपाडी तालुक्यातलं, माणदेशाच्या कडेचं. पाऊस पडला तर पडला. गावातली निम्मी कर्ती माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या भट्टीवर, केरळपासून बंगालपर्यंत पांगलेली. माझे वडीलही त्यातलेच. बहात्तरच्या दुष्काळानं त्यांना गावाबाहेर काढलं, ते कोइमतूरला गेले. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्ती, गावातच दिली होती. ती मागं राहिली. वडील कोइमतूरहून मनिऑर्डर करायचे ती आजीच्या नावानं यायची. आत्तीचं घर तिच्या हातांवर चालायचं, आणि ते हात त्या वर्षी खडी फोडत होते.

आत्तीनं सांगितलेलं बहात्तर हे पुस्तकातल्या बहात्तरपेक्षा फार वेगळं आहे. पुस्तकात सापडतं की मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला होता. आत्तीच्या आठवणीत आकडा नाही, आवाज आहे. पहाटे उठून भाकरी बांधून टेकाडावर जायचं, तर अर्ध्या वाटेवरूनच हातोड्यांचा खटखटाट ऐकू यायचा. शे-दोनशे बायामाणसं एकाच वेळी दगडावर हातोडी मारत बसलेली. दगडाचा कपरा उडून डोळ्यात जायचा म्हणून डोळे बारीक करून मारायचं, मग दिवसभर कपाळ दुखायचं. बोटं चेचायची. चिंधी बांधायची, ती रक्तानं आणि धुळीनं कडक व्हायची. पुरुष बराशी खांदायला. बराशीचा खड्डा मापात बसला नाही तर मुकादम हजेरीच कापायचा, त्यामुळे टेप घेऊन येणाऱ्या त्या माणसाची चाहूल लागली की सगळ्यांची पोटं आत जायची. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळायचा. त्याची भाकरी तव्यावरच तुटायची. पोरांना सुकडी, म्हणजे वाटपाचं कोरडं गोड खाणं. ही सुकडी मी कधी खाल्लेली नाही, पण तिचा वास मला माहीत असल्यासारखं वाटतं, इतक्या वेळा तो ऐकलाय. "गोडुस वास, आन् खाल्ली की घशाला चिकटायची," आत्ती म्हणते, आणि अजूनही तोंड वाकडं करते.

ती आणखी एक गोष्ट सांगते, जी मला लहानपणी कळायची नाही. गावातल्या बागायतदार घरातल्या बायकाही त्या टेकाडावर यायच्या. पाटलाच्या सुना, ज्या एरवी दिवसाउजेडी वाड्याबाहेर पाऊल टाकत नसत. पदर पुढं ओढून, तोंड झाकून, ओळीच्या अगदी टोकाला बसायच्या. सोयरीकीतल्या कुणी बघितलं तर काय, याची धास्ती. आत्ती ज्यांच्या रानात खुरपायला जायची, त्या बाईच्या शेजारी बसून ती खडी फोडत होती आणि दोघींना हजेरी सारखीच लागत होती. हे सांगताना तिच्या आवाजात एक बारीकशी मजा असते. मिलोची भाकरी आणि चेचलेली बोटं सांगून झाल्यावर ती मुद्दाम या गोष्टीकडे येते, असा माझा संशय आहे.

त्या दुष्काळात जे घाईघाईत उभं राहिलं होतं त्याला आकार देणारा माणूस आमच्याच जिल्ह्यातला. वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. दुष्काळ पडला की कामं काढायची आणि पाऊस पडला की बंद करायची, ही सरकारची जुनी रीत. पाग्यांचा आग्रह असा, की काम हा माणसाचा हक्क असू द्या. दुष्काळ असो वा नसो, जो येऊन मागेल त्याला काम द्यायला सरकार बांधलेलं असू द्या. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. असला कायदा तोवर देशात कुठल्याही राज्यात नव्हता. भाषणांतून हे सगळं आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की कान तिकडे जात नाहीत. मला मात्र त्यातला पैशाचा भाग राहून राहून विलक्षण वाटतो. हक्क दिला तर दर वर्षी तो पुरवायला पैसा लागणार, आणि किती लागणार ते आधी सांगता येणार नाही, कारण किती जण काम मागतील ते पावसावर. मग १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर, डॉक्टर-वकिलांवर, व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसवला. मोटारींवर, बागायती जमिनींवर, शहरातल्या दुकाना-कचेऱ्यांच्या मिळकतींवर अधिभार बसवले. या करांतून जेवढं जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. हा सगळा रोजगार हमीचा निधी.

म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकातून उचललेला रुपया माणदेशातल्या टेकाडावर जायचा, आणि तसं कायद्यात लिहिलेलं होतं. शहरानं गावाला द्यायचं, पण दया म्हणून नव्हे. गावाच्या पडत्या काळात शहरात झोपडपट्ट्या वाढू नयेत, हा स्वार्थही त्यात होताच, आणि तो कुणी फारसा लपवलाही नाही. १९८० च्या आसपास वर्षाला वीस कोटींच्या घरात मनुष्यदिवसांचं काम या योजनेतून निघत होतं. कामावर बायका भरपूर, कित्येक ठिकाणी पुरुषांच्या बरोबरीनं.

आता याची दुसरी बाजू. तीही आमच्याच गावात आहे. खडी फोडून रस्ता झाला, पण तिच्यावर रोलर फिरायला वर्षं गेली. मधल्या काळात बैलगाड्यांनी ती दोन्ही बाजूंना सारली आणि पुढच्या टंचाईत त्याच रस्त्यावर पुन्हा काम निघालं. पाझर तलाव मात्र झाला, आणि चांगला झाला. आत्तीनं त्याच्या भिंतीवर माती टाकली आहे. तलाव भरला की खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी वाढायचं. खालच्या अंगाला ज्यांच्या जमिनी होत्या त्यांची बागायत झाली. आत्तीची चार एकर वरच्या अंगाला, मुरमाड. तिला तलावाचा उपयोग एवढाच झाला की आता खुरपायला जायला लांब जावं लागेना. ज्या रानांना पाणी आलं तिथंच काम मिळायला लागलं. नव्वद साली फळबाग लागवडीची योजना रोजगार हमीला जोडली गेली, खड्डे खणण्यापासून रोपांपर्यंतचा खर्च सरकार द्यायला लागलं, आणि बघता बघता आटपाडी-सांगोल्याच्या माळांवर डाळिंब दिसायला लागलं. लोकांनी बंगले बांधले. पुढं तेल्या रोगानं कित्येक बागा उपटाव्या लागल्या, तो भाग वेगळा. पण हिशेब मांडायचा झाला तर ज्यांना जमीन होती त्यांच्या जमिनीला भाव आला आणि ज्यांना फक्त हात होते त्यांना मजुरी मिळाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. योजनेचं कौतुक करणारे पहिली सांगत नाहीत, टीका करणारे दुसरीला किंमत देत नाहीत. उन्हाळ्यात चूल पेटत राहणं म्हणजे काय, हे मजुरीवाल्याला विचारावं.

पैशाचंही असंच. कर जमत राहिला, दर महिन्याला, न चुकता. पगारदाराला पळायला वाटच नसते. खर्च मात्र लहरीनं. नव्वदच्या दशकात तर या करांतून जमलेल्या रकमेच्या मानानं कामांवरचा खर्च कमीच व्हायचा. काम मागणारे कमी झाले म्हणून, असं सरकार म्हणायचं. मागणाऱ्याला इतके हेलपाटे घालायला लावले की तो मागायचा थांबला, असं कामं मागणाऱ्या संघटना म्हणायच्या. मी पगारपत्रक करणारा माणूस आहे, मला एवढंच कळतं की ज्याचं नाव घेऊन कापलं त्याच्याकडेच ते जायला हवं. आमच्याकडे कुणाच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे एक महिना उशिरा भरले तरी दंड बसतो.

आणि हा कर कसा आहे बघा. घटनेतली मर्यादा आधी वर्षाला अडीचशे रुपयांची होती, १९८८ मध्ये ती अडीच हजार झाली, आणि तिथंच आहे. महिना दहा हजारांच्या वर एक रुपया मिळवणारा पुरुष आणि आमचे मॅनेजिंग डायरेक्टर, दोघंही सारखेच अडीच हजार देतात. बायकांना आता महिना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, हे बरं झालं. पुरुषाचा पगार साडेसात हजारांच्या वर गेला की पावणेदोनशे लागू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये रोज होती. महिन्याचे सव्वीस दिवस काम मिळालं असं धरू या (मिळत नाही, पण धरू या), तर ८,११२ होतात. तेवढाच पगार शहरात दुकानात उभं राहून घेणारा पोऱ्या रोजगार हमीचा कर भरतो. हे गणित मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. सांगून करायचं काय.

दुकानाच्या मिळकतकराच्या बिलावर निदान 'रोजगार हमी कर' असा वेगळा रकाना छापलेला असतो. आमच्या गल्लीतला स्टेशनरीवाला तो दाखवून म्हणतो, "आम्ही कुणाला हमी दिली, आम्हाला कोण देणार?" तक्रार का होईना, त्याला नाव तरी माहीत आहे. पगाराच्या स्लिपवर नुसतं पी.टी. माझ्यासकट शेकडो जणांनी आयुष्यभर तो कर भरला आणि चहाच्या टपरीवर उभं राहून म्हटलं, गावाकडच्या लोकांना सगळं फुकट पाहिजे.

२००५ मध्ये दिल्लीनं देशभरासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच. त्यानंतर अकुशल मजुरीचा शंभर दिवसांचा खर्च केंद्राकडून यायला लागला, शंभराच्या पुढचे दिवस राज्याचे. गावात मात्र बोलताना रोजगार हमीच म्हणतात. दिवाळीत गेलो तेव्हा काम बघायला गेलो होतो. शेततळ्याचं काम, आणि कामावर बहुतेक सगळ्या पन्नाशी-साठीच्या बायका. तरुण माणसाला शेतावर किंवा आटपाडीत बांधकामावर याहून जास्त हजेरी मिळते, ती रोखीनं आणि त्याच दिवशी मिळते. इथं पैसे बँकेत कधी येतील ते बँकेलाच ठाऊक. सकाळी आणि दुपारी ॲपवर फोटो काढायचा असतो. रेंज येईना म्हणून कामावर देखरेख करणारी मुलगी बांधावर चढून मोबाइल उंच धरून उभी, आणि खाली सगळ्या बाया फावडी टाकून तिच्याकडे बघत थांबलेल्या. फोटो लागला नाही तर दिवस गेला. पूर्वी मुकादमाच्या टेपेला भ्यायचे, आता रेंजला. मागच्या वळणावर एक जेसीबी उभा होता. तो कुणाचा आणि कशाला, हे मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. गावात सगळ्यात जास्त ओढाताण विहिरीसाठी असते. विहीर मंजूर झाली म्हणजे लाखांचं अनुदान, आणि तिच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कुणाकुणाची नावं चढतात ते सगळ्या गावाला माहीत असतं.

या सगळ्यात मी मनाशी एक चित्र रंगवून ठेवलं होतं, की आत्तीला जुन्या कामाचा अभिमान असणार. सन्मानाची मजुरी, हक्काचं काम वगैरे. आत्तीच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात. सुरुवातीला त्या योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारनं सांगितलं होतं. मी आत्तीला जरा खोदून विचारलं, की घाम न गाळता खात्यावर पैसे येतात हे तुला कसं वाटतं? तिला आवडणार नाही अशी माझी खात्री होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं शहरातून आलेल्या माणसाकडे बघतात. "आन् बराशी खांदायची काय आमाला हौस हुती व्हय रं? तवाबी कुनी खात्यावर टाकलं असतं तर म्या घेतलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "पर ह्ये उद्या बंद केलं तर हिला ईचारता येनार न्हाई. आमी तशिलीवर जाऊन बसायचो. काम दिल्याबिगर उठायचोच न्हाई." तिच्या सांगण्यातलं वाक्य तेवढंच, पुढं ती शेळीला पाला घालायला उठली.

तहसील कचेरीच्या आवारात आटपाडीच्या उन्हात बसलेल्या त्या बायका मी पाहिलेल्या नाहीत. पण मागायचं कुणाकडे आणि कशाच्या जोरावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंधरा दिवसांत काम मिळालं पाहिजे, हा आकडा निरक्षर आत्तीला पाठ होता. पंधराशे रुपये येणाऱ्या वहिनीला ते कुठल्या कायद्यानं येतात हे सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखा कायदाच नाही. निवडणूक, अर्थसंकल्प, अर्जांची छाननी, यांवर ते येत-जात राहणार. तरी आत्ती म्हणते ते मला नाकारता येत नाही. बाईच्या हातात पैसा आला, बोटं न चेचता आला, यात वाईट काय? मी कोइमतूरच्या मनिऑर्डरीवर शिकलो. खडीच्या कामाचं मोठेपण सांगायला मला सोपं जातं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. शंभराचे एकशे पंचवीस दिवस झाले, पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभा आली, आणि आपल्यासारख्या राज्यांनी खर्चातला चाळीस टक्के वाटा उचलायचा असं ठरलं. यावर दिल्लीत मोठा वाद झाला, तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाच असेल. माझं लक्ष चाळीस टक्क्यांवर. मजुरीचा बोजा पुन्हा राज्याच्या तिजोरीवर येतोय, आणि ज्या कामासाठी आमच्याकडे पन्नास वर्षांपासून वेगळा कर कापला जातोय ते काम हेच. निदान हिशेब विचारायला आता जागा झाली. हंगामात कामं थांबवण्याची कल्पना ज्यांना शेतात मजूर मिळत नाहीत त्यांना आवडेल. आत्तीला शेतातलं काम नेमक्या त्याच महिन्यांत मिळायचं, हे खरं. पण शेतमालकानं हजेरी पाडून सांगितली तर "मी रोजगार हमीवर जाते" असं म्हणायची सोय होती, आणि तेवढ्यावर दोन-चार रुपये वाढवून मिळायचे.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी एका संध्याकाळी वहिनीला फोन केला. उन्हाळा तोंडावर आहे, टेंभू उपसा योजनेचं पाणी आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला अजून पोचलेलं नाही, तुम्ही काम मागितलंय का, असं विचारलं. त्यांच्यासह अकरा बायकांनी मागितलं होतं. नमुना चार भरून ग्रामपंचायतीत दिला होता. तिथं सांगण्यात आलं, नवीन कायदा आलाय, वरून काय येतंय ते बघू, तुम्ही पुढच्या महिन्यात या. अर्ज ठेवून घेतला, पण नमुना पाच, म्हणजे तारखेची पावती, दिली नाही. पावती नसेल तर पंधरा दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे, आणि काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता कशाच्या आधारावर मागायचा? मी म्हटलं, वहिनी, पावती मागा, ती द्यावीच लागते. "मागितली की," त्या म्हणाल्या. "आत्तीबाईच म्हणाल्या होत्या, पावतीबिगर उठू नका. पण तिथं खुर्च्याच नव्हत्या, उभ्या उभ्या किती वेळ थांबणार?" सोमवारी त्या पुन्हा जाणार आहेत. या खेपेला आत्तीही बरोबर येते म्हणते, सतरंजी घेऊन.